सुलतानाचे मुके आणि माझी ताई

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई लहानपणापासून म्हणते. अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडी करायला आलो तेव्हा वाटलं होतं, आता तरी बूड टेकेल. कसलं काय! कॅम्पसच्या बसची वाट बघताना मी स्टॉपवर येरझाऱ्या घालतो, लायब्ररीत पाय हलवतो, आणि अपार्टमेंटमध्ये जेवायला बसलो की टेबल थरथरतं. रूममेट पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. तो वरणाची वाटी हातात धरून ओरडतो, "यार, एकतर बस नाहीतर उभा राहा, काहीतरी एक डिसाइड कर!"

आणि असल्या माणसाने अभ्यासाला घेतलं काय, तर जगातली सगळ्यात शांत जागा. तुर्की सुलतानाचा राजवाडा.

दरबार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ललकाऱ्या, नगारे, हुजरे येतात. तिथे तसं नव्हतं. राजवाड्यात एकामागे एक चौक. पहिल्या चौकात घोडे, भिस्ती, अर्ज घेऊन आलेले लोक, सगळा गलबला. दुसऱ्यात शेकडो शिपाई उभे, पण कुणी खाकरायचंसुद्धा नाही. परदेशी राजदूत घरी पत्रं लिहायचे की एवढी माणसं आणि एवढी शांतता आम्ही कधी पाहिली नाही. तिथेच वजिरांची सभा भरायची, आणि भिंतीत वर एक जाळीची खिडकी होती. जाळीमागे सुलतान बसलाय की नाही, हे खाली कुणालाच कळायचं नाही. प्रत्येक वजीर बोलताना आपली मान चाचपत असणार. त्याच्याही आत, जिथे सुलतान राहायचा, तिथे मोठ्याने बोलणं म्हणजे बेअदबी. खुद्द सुलतानानेही फार बोलू नये, ते त्याला शोभत नाही, अशी समजूत.

मग कारभार चालायचा कसा? हातांनी. राजवाड्यात जन्मापासून ऐकू न येणारे सेवक ठेवलेले असायचे, सगळे त्यांना मुके म्हणत. त्यांची खुणांची भाषा आतल्या सगळ्यांनी शिकून घेतली, काही सुलतानांनीसुद्धा. आणि सगळ्यात नाजूक कामं याच सेवकांकडे. एखाद्या वजिराला संपवायचंय, गादीवर हक्क सांगेल अशा राजपुत्राचा गळा आवळायचाय, राजपुत्राची आई तिकडे आपली माणसं जमवतेय, तिला कळायच्या आत उरकायचंय, तर दोरी घेऊन हे मुके जायचे. गयावया त्यांना ऐकू येणार नाही आणि नंतर ते कुणाला सांगणार नाहीत. पुस्तकांत असंच लिहिलंय आणि मीही माझ्या प्रबंधाच्या प्रकरणात तसंच उतरवलं होतं.

हा विषय कसा सुचला असं माझ्या गाईड मॅडमनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, सहज वाचनात आला. साफ खोटं. माझ्या ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. ती नागपूरला एका सरकारी कचेरीत कॉम्प्युटरवर काम करते, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमच्या घरात तिची भाषा पुरती फक्त मला येते. आईला वीसेक खुणा येतात: जेव, झोप, दार लाव, औषध घेतलं का. बाबांनाही तेवढ्याच यायच्या. बाबा गेल्यावर घरात मोठेबाबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा, शब्द चालतो, त्यांना तर एकही येत नाही. ते तिच्याशी नुसतं मोठ्याने बोलतात. म्हणून पाचव्या वर्षापासून मी घरचा दुभाषी. दुकानात, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे ताई माझ्याकडे बघायची आणि मी हात हलवायचो.

म्हणजे थोडे हलवायचो. खरं सांगायचं तर मला कंटाळा यायचा हो! घरात चार माणसं खदाखदा हसतायत, ताई माझी बाही ओढतेय, काय झालं, काय म्हणाले? आणि मी तोंडातला घास न गिळताच उजवा हात झटकायचो. ही आमची खूण होती: काही नाही, नंतर सांगतो. ते नंतर कधी यायचं नाही.

अमेरिकेत आल्यावर दर रविवारी सकाळी नऊला आमचा व्हिडिओ कॉल. मी खिडकीसमोर बसतो, काळा टीशर्ट घालतो, म्हणजे हात नीट दिसतात. तिकडे संध्याकाळ असते, ती ट्यूबलाइटखाली बसते. मी तिला दरबार सांगायचो. तिने सगळ्यांना खुणा पाडल्या होत्या. सुलतान म्हणजे डोक्यावर दोन्ही हातांनी मोठा थोरला भोपळा. वजीर म्हणजे दाढी कुरवाळायची आणि लगेच घाबरून मान धरायची. राजपुत्राची आई म्हणजे पदर सावरत डोळे बारीक करायचे. ही खूण तिने आमच्या मोठ्या आईवरून, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोवरून, उचलली होती, त्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. मुक्यांबद्दल सांगितलं तेव्हा मात्र ती हसली नाही. तिने विचारलं, "त्यांना पगार चांगला होता का? लग्नं व्हायची?" आणि मग, "ते आपापसात काय बोलायचे?"

मला ग्रंथालय गाठायचं होतं. मी हात झटकला.

आता खरी गोष्ट. मागच्या हिवाळ्यात ताई एका प्रशिक्षणाला पुण्याला गेली होती. तिथे तिला एकजण भेटला. कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवतो, त्यालाही ऐकू येत नाही. लग्न करायचं दोघांनी ठरवलं. तिने फक्त मला सांगितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी शहाणा, वाटलं आई खूश होईल, पुढच्याच फोनवर सांगून टाकलं. आई खूश झाली नाही. आईने ते मोठेबाबांच्या कानावर घातलं, आणि मोठेबाबांनी वर्ध्याचं एक स्थळ काढलं. बिजवर, ऐकू येणारा, एक मुलगी पदरात.

त्या बुधवारी सकाळी बससाठी निघत होतो तर आईचा फोन.

"रविवारी पाहुणे येऊन राहिले. बघायचं, पसंती, सगळं एका बैठकीत उरकू म्हणते तुझे मोठेबाबा."

"ताईला विचारलं?"

"तिले विचारलं तं ती रडन, भांडन. दोघंही तसेच असले तं त्यांच्या लेकरायचं कसं होईन? रात्री लेकरू रडलं तं कोण उठन? आम्ही काय जल्मभर पुरणार आहो?" आईचा आवाज चिरकला. "तू तिले एवढंच सांग, रविवारी विहारातले लोक घरी वंदनेला येऊन राहिले, तयार राहा म्हणा. बाकी आम्ही पाहून घेऊ. एकदा चार माणसांत बसली की नाही म्हणणार नाही ती. तुह्यावर तिचा भरोसा आहे, बाप्पा. माही शपथ आहे तुले, काही फोडू नको."

काय करायला हवं होतं ते आज मला लख्ख कळतं. तेव्हा मी बसस्टॉपवर गोल गोल फिरत ताईला कॉल लावला, फोन बाकावर टेकवला, आणि सांगितलं: विहार, लोक, घरी, वंदना, रविवार. ताईने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग अंगठा वर केला. बस आली, मी चढलो, आणि कॅम्पसपर्यंत सीट रिकामी असूनही उभाच राहिलो.

शुक्रवारी डिपार्टमेंटमध्ये माझं सादरीकरण होतं. मॅडम मूळच्या इस्तंबूलच्या, चहा बिनसाखरेचा घेतात आणि बोलणंही तसंच. खोलीत वीसेक माणसं. पुढच्या रांगेत एक विद्यार्थिनी होती, तिला ऐकू येत नव्हतं, आणि माझ्या शेजारी काळा शर्ट घातलेली तिची दुभाषी बाई उभी. असला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. हे काम पगार घेऊन करतात हेसुद्धा मला धड माहीत नव्हतं, बोला!

प्रोजेक्टर अडकला. मॅडम पुटपुटल्या, हे मशीन माझ्याआधी रिटायर होणार. दुभाषीने ते हातांनी सांगितलं, ती मुलगी हसली. मागे कुणीतरी दुपारच्या पिझ्झाबद्दल कुजबुजलं. बाईने तेही सांगितलं. माझी स्लाइड पुढे जाईना, माझ्या तोंडून "च्यायला" निघालं, तर बाईने माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी खूण केली. अमेरिकन खुणा मला येत नाहीत, पण बहुतेक, हा त्याच्या भाषेत काहीतरी वाईट बोलला. माझं लक्षच उडालं. मी वजिराच्या गळ्यातल्या दोरीबद्दल बोलत होतो आणि बघत होतो त्या बाईचे हात. एकदाही ते झटकले गेले नाहीत.

शेवटी त्या मुलीने प्रश्न विचारला. तिचे हात बोलत होते आणि दुभाषी बाई आपल्या आवाजात "मी" म्हणून सांगत होती. "तुम्ही म्हणालात, ते कुणाला सांगू शकत नव्हते म्हणून त्यांच्यावर विश्वास होता. पण त्यांची भाषा राजवाड्यात सगळ्यांना येत होती असंही तुम्हीच म्हणालात. मग मला सांगा, ते आपापसात काय बोलायचे?"

"त्याची कुठे नोंद नाही," मी म्हणालो. खरंच नाही. त्यांच्याकडून काय काय करवून घेतलं ते सगळ्यांनी लिहिलंय, त्यांचं बोलणं कुणी लिहून ठेवलं नाही. पण हाच प्रश्न ताईने विचारला होता, आणि तिला मी एवढं उत्तरसुद्धा दिलं नव्हतं.

नंतर कॉफी घेताना मी त्या दुभाषी बाईला गाठलं. "तुम्ही सगळंच सांगता? पिझ्झासुद्धा?"

"खोलीत जे ऐकू येतं ते सगळं," ती म्हणाली. "कामाचं काय आणि बिनकामाचं काय, हे तिच्या वतीने ठरवणारी मी कोण?"

शनिवारी गावात फुटबॉलची मॅच होती. रस्ते माणसांनी फुललेले, आणि मी त्या गर्दीच्या उलट्या दिशेने नुसता चालत सुटलो. दर चौकात थांबून ताईला मेसेज टाइप करायचो, "ते विहाराचे लोक नाहीत," आणि पुसायचो. आईची शपथ आठवायची. शपथ कसली, मी भ्यायलो होतो. सांगितलं तर ताई विचारणार, पुण्याचं आईला कोणी सांगितलं? घरी आलो तेव्हा पायांना फोड आले होते. रूममेटने विचारलं, काय झालं रे? मी म्हटलं, काही नाही.

रविवारी पावणेनऊलाच मी खिडकीसमोर बसलो. काळा टीशर्ट. नऊला आईचा कॉल. तिने फोन टीपॉयवर पाण्याच्या जगला टेकवून उभा केला होता. समोर सोफ्यावर वर्ध्याची बाई आणि तिचा मुलगा, चेक्सचा शर्ट घातलेला, गुडघ्यांवर हात ठेवून अवघडून बसलेला. बाजूला मोठेबाबा. "हा आमचा पोरगा, अमेरिकेले असते," मोठेबाबा म्हणाले. "पोरीले काही सांगायचं असन तं हाच सांगते." सगळ्यांनी मला जयभीम केला, मीही केला.

मग ताई आली. आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं. आईने तिच्यासाठी मोरपंखी रेशमी साडी इस्त्री करून ठेवली होती. ताई पांढरी नेसून आली होती. विहारात, वंदनेला आपण पांढरंच नेसतो. रेशमी साडी इस्त्री करताना आईच्या हे डोक्यातच आलं नाही, आणि सांगताना माझ्याही. ताईच्या डोक्यात मात्र बुधवारपासून तेच असणार. ती पाहुण्यांकडे न बघता माझ्यासमोर, फोनसमोर येऊन बसली. हात मांडीवर, डोळे माझ्यावर. नुसती वाट बघत राहिली.

"पांढरी नेसली काहून ही?" मोठेबाबा आईला म्हणाले. मग पाहुण्यांना, "तुम्ही बिनधास्त बोला, तिले काही समजत नाही."

"स्वयंपाक करते ना?" ती बाई म्हणाली. "मंग झालं. बोलत नाही तेच बरं आहे म्हणा. पहिली लई तोंडाळ होती. घरात भांडणं तं नाही होणार."

सगळे हसले. तो चेक्सचा शर्ट नाही हसला, तेवढं कबूल केलं पाहिजे. ताईने माझ्याकडे बघत भुवया उचलल्या. काय म्हणाले?

माझा उजवा हात निघाला होता. पंचवीस वर्षांची सवय, मनगट आपोआप वळतं. मी तो डाव्या हाताने धरला. मग सांगायला सुरुवात केली. हे विहाराचे लोक नाहीत. तुला बघायला आलेत. आजच पक्कं करणार आहेत. मोठेबाबा म्हणाले, तुला काही समजत नाही. ही बाई म्हणाली, तू बोलत नाहीस तेच बरं, भांडणं होणार नाहीत. पहिली तोंडाळ होती. सगळे हसले. आई हसली. पुण्याचं आईला मी सांगितलं. बुधवारी मी खोटं बोललो.

"एवढं काय सांगून राहिला बे तू?" मोठेबाबा.

एवढं काय सांगतोयस असं मोठेबाबा विचारतायत, मी हातांनी सांगितलं. आई रडायला लागली, मी तेही सांगितलं. आणि माझे पाय, खरं सांगतो, पाय जमिनीला टेकले होते.

ताईच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतंच. तिने पदर सारखा केला आणि हात उचलले. ती सावकाश बोलली, मला एकही शब्द सुटू नये म्हणून.

"काय म्हणते ती?" मोठेबाबांनी विचारलं.

काही नाही म्हणायचं की काहीतरी गोड सांगायचं? दोन्ही मला उत्तम जमतं, घरातल्या कुणाला कधी कळलंसुद्धा नसतं. मी त्या काळ्या शर्टवाल्या बाईसारखं "मी" म्हणून बोलायला लागलो.

"मला हे लग्न करायचं नाही. मी माझं ठरवलंय, पुण्याला. मला बुधवारीच याच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. हा आज खरं सांगतो का, एवढंच मला बघायचं होतं. सांगितलं. पण माझा भाऊ पाच वर्षांचा होता तेव्हापासून मला अर्धंच सांगत आलाय, आणि माझं तुम्हाला किती सांगितलं ते मला माहीत नाही. म्हणून आजपासून तो माझ्या वतीने बोलणार नाही. मला मराठी लिहिता-वाचता येतं. एवढ्या वर्षांत या घरात कुणी माझ्यापुढे कागद ठेवला नाही."

शेवटची दोन वाक्यं मी कशी उच्चारली ते माझं मला माहीत.

ताईने बाजूची वही ओढली, पेनाचं टोपण काढलं, आणि दुसऱ्या हाताने फोन टीपॉयवर पालथा घातला.

स्क्रीन काळी झाली. आवाज येत होते. पेन कागदावर चाललं, थांबलं, परत चाललं. पान उलटल्याचा आवाज. कुणीतरी खाकरलं. परत पेन, पण यावेळी जरा जाड, घाईचं, दुसऱ्या कुणाचं तरी. तो चेक्सचा शर्ट असेल का? काय लिहीत असेल? ती बाई हळू आवाजात काही म्हणाली. मोठेबाबा म्हणाले, "अरे पण..." मी ओरडत होतो, "आई! काय लिहिलं? कोणी लिहिलं? मला दिसत नाहीये, फोन उचला ना कुणीतरी!" खुर्च्या सरकल्या. जयभीम झाले. चपलांचे आवाज दारापर्यंत गेले. मग अचानक ताईचा हसण्याचा आवाज आला. मी तो हजारात ओळखीन, तिला स्वतःला तो कधी ऐकू आलेला नाही. तिच्यासोबत आणखी कुणीतरी हसलं, बहुतेक आईच. डोळे पुसता पुसता हसते तसं.

"आई, अगं काय झालं? का हसताय? सांग ना!"

फोन उचलला गेला. छताचा पंखा दिसला, आईचं कपाळ दिसलं, पण आई माझ्याकडे बघत नव्हती, वहीत बघत होती.

"काही नाही रे," ती म्हणाली, "नंतर सांगते," आणि तिने फोन ठेवला.